वाइन-स्पिरिट्सचा कोर्स करताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक अभ्यास सुरू होण्याआधीच होते. नाव मोठं आहे म्हणून कोर्सला प्रवेश घेतला जातो आणि पुढे काम कोणतं करायचं, हा विचार नंतर सुचतो. १९६९ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या डब्ल्यूएसईटी (वाइन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्ट) या संस्थेचा भर अभ्यासावर आणि चव पद्धतशीर तपासण्यावर आहे. आयात, विक्री, लेखन किंवा शिकवणं यांकडे कल असेल तर हीच वाट धरा. सोमेलिये म्हणजे रेस्टॉरंटमध्ये वाइन सुचवणारा आणि वाढणारा जाणकार; कोर्ट ऑफ मास्टर सोमेलिये या संस्थेचा रोख मात्र रेस्टॉरंटमधल्या सेवेवर आहे. तिथे ‘सर्टिफाइड’ या दुसऱ्या पातळीपासूनच परीक्षकासमोर वाइन वाढून दाखवावी लागते. नुसत्या पुस्तकी तयारीवर तिथे भागत नाही.

डब्ल्यूएसईटीचा डिप्लोमा केला की स्पिरिट्सही त्यातच उरकतील, हा आणखी एक गैरसमज. आताचा डिप्लोमा फक्त वाइनचा आहे. व्हिस्की, रम, ब्रँडीत रस असेल तर स्पिरिट्सचे स्वतंत्र कोर्स बघा.

डब्ल्यूएसईटीच्या वाइन कोर्समध्ये दुसऱ्या पातळीची परीक्षा पूर्ण बहुपर्यायी असते, त्यामुळे घोकंपट्टीवर निभावतं. तिसऱ्या पातळीला लेखी उत्तरं येतात आणि इथेच हुशार मुलंही अडकतात, कारण प्रश्न ‘का’ असा असतो. जर्मनीतल्या मोझेल प्रदेशातल्या रीसलिंग या द्राक्षाचं उदाहरण घ्या. ‘थंड हवामान, तीव्र उतार, पाटीचा दगड, रीसलिंग’ एवढं लिहिणं म्हणजे नुसती यादी. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन अधिक थेट पडतं, गडद दगड दिवसा तापून रात्री ऊब सोडतो, म्हणून उशिरा पिकणारं रीसलिंगही तिथे पिकतं. आणि हवा थंड असल्याने त्याची आम्लता टिकते. हे झालं उत्तर. प्रत्येक प्रदेशाच्या नोट्स अशा ‘म्हणून’ने जोडून लिहा, पाठांतराचं ओझं निम्म्याने हलकं होईल.

चवीच्या परीक्षेत साखर फसवते. गोड वाइन हमखास कमी आंबट वाटते, म्हणून जिभेला विचारू नका, लाळेकडे लक्ष द्या. घोट थुंकल्यावर तोंडाला भराभर पाणी सुटत राहिलं तर आम्लता जास्त. हिरड्या कोरड्या पडून आवळल्यासारख्या वाटल्या तर ते टॅनिन (द्राक्षाच्या सालीतून येणारा तुरटपणा), घशात ऊब उतरली तर अल्कोहोल. आणि कृपा करून काव्य लिहू नका. ‘मोहक, राजेशाही’ला गुण नाहीत, ठरलेल्या तक्त्यातले शब्द वापरले तरच गुण मिळतात.

घरी सराव करताना एकच ग्लास घेऊन बसू नका. ओक लाकडाच्या पिंपात मुरवलेली आणि न मुरवलेली अशा दोन शार्डोने (शार्डोने द्राक्षाच्या पांढऱ्या वाइन) शेजारी ठेवा, फरक लगेच कळतो. थुंकायची लाज वाटत असेल तर ती आधी घालवा. तिसऱ्या घोटानंतर पिणाऱ्याच्या नोट्सवर भरवसा ठेवता येत नाही. उरलेली वाइन छोट्या बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवली तर आणखी काही दिवस सरावाला येते. स्पिरिट हुंगताना ग्लास नाकापासून जरा लांबच धरा, नाहीतर अल्कोहोलने नाक बधिर होतं.

तिसऱ्या पातळीला लेखी आणि चव या दोन्ही भागांत स्वतंत्रपणे ५५ टक्के लागतात, एकाचे गुण दुसऱ्याला देता येत नाहीत. एकच भाग राहिला असेल तर तेवढाच पुन्हा द्या.