मूळ नोंदी मागायला जाण्यापूर्वी

पहिल्यांदा गेले तेव्हा फाईल जाडजूड होती आणि नेमका हवा तो कागद घरी राहिला होता. त्यात माझी दोन वर्षं गेली. दत्तक गेलेल्या, आता मोठ्या झालेल्या आणि आपली मूळ नोंद पाहायला निघालेल्या कुणाचंही तसं होऊ नये, म्हणून हे लिहून ठेवतेय.

आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा हे नेहमीचंच. लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचा कागद. वय 18 पूर्ण असेल तर अर्ज तुमचा तुम्हीच करता येतो, त्याआधी दत्तक आईबाबांबरोबर करावा लागतो.

आता मुख्य गोष्ट. संस्थेतलं नाव. दत्तक जाण्याआधी ज्या संस्थेत होतात, तिने तुमचं जे नाव ठेवलं होतं, ते. आजचं नाव नव्हे. मी आजच्या नावाने आणि आजच्या जन्मतारखेने अर्ज दिला. संस्थेतल्या बाईंनी माझ्यासमोर दोन रजिस्टरं चाळली आणि 'नोंद आढळत नाही' असं लिहून दिलं. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्या रजिस्टरात माझं आजचं नाव असणारच कसं? ते तर मी तिथून बाहेर पडल्यावर ठेवलं गेलं.

ते नाव सापडतं न्यायालयाच्या आदेशात. सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचे आदेश जिल्हाधिकारी देतात, पण आज सज्ञान असलेल्या आपल्यासारख्या बहुतेकांचे आदेश न्यायालयाचेच. घरात नीट शोधा. आमच्याकडे तो आईच्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली होता. घडीवर फाटलेला, कोपऱ्यात जांभळा शिक्का, आणि तिसऱ्या ओळीत 'अज्ञान कु. मंगल' आणि पुढे 'उर्फ' लिहून माझं आजचं नाव. घरी नसेल तर ज्या न्यायालयाने आदेश दिला तिथे नकलेसाठी अर्ज करा. वेळ लागतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी.

आईबाबांशी बोलणंही आधीच. मी त्यांना वाईट वाटेल म्हणून लपवलं, आणि कागद मात्र त्यांच्याच ट्रंकेत होता. ट्रंक उघडताना आई म्हणाली, "अगं, आधी का नाही विचारलंस?" त्यांना आठवत असेल ते विचारा: तुम्हाला कोणत्या महिन्यात घरी आणलं, संस्थेत तुम्हाला काय म्हणून हाक मारायचे. पुन्हा तेच, नाव विचारा.

नात्यात किंवा ओळखीत थेट दत्तक गेला असाल तर वाट वेगळी. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याखालचं दत्तकपत्र नोंदवलेलं असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रत काढा. देणाऱ्यांची नावं त्यातच मिळतात.

'मूळ जन्मदाखला' याच एका कागदावर जीव टांगू नका. हातात असलेला दाखला बहुतेक वेळा दत्तकाच्या आदेशानंतर बनलेला असतो आणि त्यावर दत्तक आईबाबांची नावं असतात. सापडलेल्या बाळाचा त्याआधीचा दाखला कधी बनलेलाच नसू शकतो. जन्मतारीखसुद्धा डॉक्टरांनी वयाच्या अंदाजाने ठरवलेली असते. म्हणून तारखेवर अडून राहू नका, दाखल झाल्याचा महिना सांगा आणि मागचेपुढचे दोन महिनेही बघायला लावा. मागायची ती सगळी फाईल: दाखल रजिस्टरातली नोंद, वैद्यकीय कागद, पोलिसांचे किंवा बालकल्याण समितीचे कागद, आणि जन्मदात्यांनी स्वतः सोपवलं असेल तर ते त्यागपत्र.

अर्ज 'कारा'कडे (CARA), म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, ऑनलाइन. मूळ शोधाला मदत करणं हे त्यांचं, राज्याच्या दत्तक यंत्रणेचं, जिल्हा बाल संरक्षण कक्षाचं आणि संस्थेचं कामच आहे. तुम्ही उपकार मागत नाही आहात. मित्राला किंवा पैसे घेऊन शोधून देणाऱ्याला पुढे करू नका, तिसऱ्या व्यक्तीने केलेला शोध नियमात बसत नाही. आणि अर्जात दोन्ही नावं लिहा. आजचं आणि संस्थेतलं. अर्जात, सोबतच्या पत्रात, प्रत्येक झेरॉक्सवर.

एक गोष्ट मनाशी धरून जा. जन्मदात्या आईने सोपवताना नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर तिची लेखी संमती मिळाल्याशिवाय नाव मिळत नाही. तिचाही तो हक्क आहे, आणि मला तो मान्य आहे. पण ती नाही म्हणाली किंवा सापडलीच नाही, तरी कोणत्या परिस्थितीत आणि का सोपवलं हे तुम्हाला सांगायला हवं. नुसता 'नाही' ऐकून परत येऊ नका, ते कारण मागा.

पुढचं थोडक्यात. पोच घ्या. तोंडी उत्तर चालवून घेऊ नका. संस्था बंद पडली असेल तर कागद कुठे गेले ते जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लेखी विचारा. जाताना कुणाला तरी सोबत न्या, परतताना गाडी त्यांना चालवू दे. आधी एकदा 'नोंद नाही' ऐकून आला असाल तर त्या दिवशी कोणतं नाव दिलं होतं ते आठवा, आणि संस्थेतलं नाव घेऊन पुन्हा जा.

दुसऱ्या खेपेला त्याच बाईंनी तेच रजिस्टर काढलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. मंगल, वय अंदाजे नऊ दिवस, वजन दोन किलो शंभर.