कुंडीतील मोगऱ्याचा बहार : ताण, छाटणी आणि पहिले पाणी

रोपवाटिकेतून उन्हाळ्यात कळ्यांनी लगडलेली मोगऱ्याची कुंडी घरी येते, महिना-दोन महिने घर दरवळते आणि पुढच्या वर्षी तेच झाड हिरवेगार, लांब काड्यांचे, पण फुलाविना उभे राहते. अशा वेळी बहुतेक जण खत वाढवतात आणि नेमके तिथेच चुकते, कारण नत्र जास्त झाले की झाड आणखी पाने काढते. मोगऱ्याची कळी जुन्या काडीवर धरत नाही. ती नव्या फुटीच्या शेंड्यावर, बहुधा तीन-तीनच्या झुबक्याने येते. म्हणून ज्या झाडाला हिवाळ्यात विश्रांती मिळाली नाही आणि ज्याची छाटणीही झाली नाही, त्याला कळी धरायला नवी जागाच नसते. मार्च-एप्रिलमध्ये फुले हवी असतील तर त्यासाठीचे काम डिसेंबर आणि जानेवारी या दोन महिन्यांत उरकावे.

ताण म्हणजे काही दिवस झाडाचे पाणी तोडणे, हे विदर्भातल्या संत्रा बागायतदाराला सांगायला नको. आंबे बहारासाठी, म्हणजे संत्र्याच्या जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी, तो जसे पाणी तोडतो, तीच रीत मोगऱ्यालाही लागू आहे, मात्र कुंडीत ती जपून वापरावी लागते. जमिनीतल्या झाडाची मुळे खालची ओल शोधतात. बारा इंची कुंडीत असा साठा नसतो, त्यामुळे शेतातल्या हिशेबाने पाणी बंद केले तर झाड वाळून जाण्याची भीती असते. डिसेंबरच्या मध्यापासून पाणी हळूहळू कमी करावे आणि नंतर दहा ते पंधरा दिवस जवळजवळ बंद ठेवावे. या काळात झाडाकडे दुपारी नव्हे, तर सकाळी उन्हे येण्यापूर्वी पाहावे. दुपारी माना टाकलेली पाने सकाळी पुन्हा ताठ दिसली तर ताण बेताचा आहे असे समजावे. सकाळीही पाने लोंबलेलीच असली तर त्याच वेळी कपभर पाणी द्यावे. खालची पाने पिवळी पडून गळू लागली, म्हणजे झाड विश्रांतीला गेले. वर्षाच्या आतले रोप, नुकतीच कुंडी बदललेले झाड आणि आजारी झाड यांना मात्र ताण अजिबात देऊ नये.

छाटणी करताना हात आखडतो, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. शेंडे खुडले म्हणजे छाटणी झाली, असे नाही. आधी वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि बुडातून सरळ वर गेलेल्या लुसलुशीत काड्या काढाव्यात, मग राहिलेल्या निरोगी फांद्यांची तृतीयांश ते निम्मी उंची कमी करावी. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, धारदार असावा आणि काप बाहेरच्या बाजूला पाहणाऱ्या डोळ्याच्या, म्हणजे पेरावरच्या कोंबाच्या, थोडा वर, किंचित तिरका घ्यावा, म्हणजे नवी फूट बाहेर पसरते आणि झाडाच्या पोटात ऊन-वारा पोहोचतो. उरलेली जुनी पाने हाताने काढून टाकावीत. झाड त्या दिवशी केविलवाणे दिसते, पण घाबरू नये. कोकणात थंडी सौम्य असल्याने हे काम डिसेंबरअखेर करता येते. नाशिक, जळगाव आणि विदर्भाकडे रात्री कडक थंडी असेल तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा गाठावा, कारण कडाक्यात निघालेली फूट खुंटून बसते.

छाटणीच्याच दिवशी मुळे तपासावीत. माझ्याकडची एक कुंडी सलग दोन वर्षे फुलली नव्हती. ती उपडी केली तेव्हा माती जवळजवळ दिसतच नव्हती. पांढरी-तपकिरी मुळे कुंडीच्या आकाराने गोल वेटोळी घालून बसली होती आणि तळाचे भोक त्यांनी पूर्ण बुजवले होते. असे आढळल्यास गड्ड्याच्या कडेची आणि तळाची दोन-तीन सेंटिमीटर मुळे कापून त्याच कुंडीत नवी माती भरावी. मुळे मोकळी असतील तर वरची चार बोटे माती उकरून बदलणे पुरेसे आहे. बारा इंची कुंडीला दोन ओंजळी चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. ताजे शेण घालू नये.

ताण तोडताना पहिले पाणी, म्हणजे आंबवणी, हलके द्यावे. कोरड्या मुळांवर एकदम भरपूर पाणी ओतले तर ती कुजण्याचा धोका असतो. तीन-चार दिवसांनी दुसरे पाणी तळाच्या भोकातून निथळेपर्यंत द्यावे आणि पुढे बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत माती कोरडी लागली की पाणी द्यावे. फूट बोटभर झाल्यावर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्याच प्रमाणात असलेले) हे विद्राव्य खत लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात एकदा, आणि बारीक कळी दिसू लागल्यावर त्याच प्रमाणात ०:५२:३४ हे नत्र नसलेले खत पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा द्यावे. कळी धरल्यानंतर मात्र पाण्याचा ताण पडू देऊ नये, कारण कळ्या गळतात.

एवढे करूनही फूल आले नाही तर जागा बदलावी. मोगऱ्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागते आणि जाळीआडच्या उजेडाने ते भागत नाही.

बोअरच्या क्षारयुक्त पाण्यावर वाढलेल्या मोगऱ्याची नवी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. ही लोहाची कमतरता आहे. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि थोडा लिंबाचा रस मिसळून संध्याकाळी फवारावे. पानांच्या मागे बारीक जाळी दिसली तर तो लाल कोळी समजावा. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारावा आणि आटोक्यात आला नाही तरच पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला २ ग्रॅम घेऊन ऊन उतरल्यावर फवारावे. भोक पडलेल्या, जांभळट झालेल्या कळ्यांत अळी असते. त्या वेचून नष्ट कराव्यात आणि पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा.

हीच रीत प्रत्येक कुंडीला लावू नये. बोगनवेल ताणाने उत्तम फुलते, पण शेवंतीला फुलण्यासाठी लांब, अंधारी रात्र हवी असते. रस्त्याच्या दिव्याखालची शेवंती कितीही जोपासली तरी कळी लांबवते. अनंताला कळ्यांवर ताण बसला तर त्या उमलण्यापूर्वीच गळतात.

मोगऱ्याचा पहिला बहार ओसरला की फुललेला प्रत्येक शेंडा खालच्या पानांच्या एक-दोन जोड्यांसह खुडून टाकावा आणि पाणी नियमित ठेवावे. त्या पेरांतून पुन्हा फूट निघते आणि पावसाळ्यापूर्वी आणखी एक बहार हाती येतो.