मालवणी ताटासोबत बिअर कशी निवडावी

मासा सुरमईचा आहे की बोंबलाचा, यावर बिअर ठरत नाही. ती ठरते मसाल्यावर आणि तेलावर. तीच सुरमई रव्यात घोळवून तळली तर एक बिअर लागते, नारळाच्या रसात शिजवली तर दुसरी, आणि गोव्याकडचा रेशाद मसाला लावून तव्यावर टाकली तर तिसरी. म्हणून आधी जेवण काय आहे ते ठरवा, बिअर त्यानंतर मागवा. बहुतेक ठिकाणी याच्या उलट चालतं.

1. ताट चाखून बघा

तेल किती, तिखट किती, आंबट किती आणि ओलं खोबरं किती, एवढं पाहिलं की निम्मं काम झालं. या चारांत जे सर्वांत ठळक असेल, त्याला धरून बिअर निवडायची.

2. तळलेल्या मासळीला लागर किंवा पिल्सनर

ही सर्वांत सोपी जोडी. बुडबुडे आणि हलका कडूपणा जिभेवरचं तेल धुऊन काढतात आणि पुढचा घास पहिल्यासारखाच लागतो. बोंबील नाजूक असतो, त्याला साधी माइल्ड लागर पुरे. सुरमईच्या जाड तुकडीला पिल्सनर द्यावी. चेक प्रदेशातल्या पिल्झन शहरात 1842 मध्ये जन्मलेली ही बिअर नेहमीच्या लागरपेक्षा जरा जास्त कडू असते आणि तळणाला चांगली पुरते. स्ट्रॉंग बिअर मात्र इथे नको. तिच्यातलं जास्तीचं अल्कोहोल माशाची चव झाकून टाकतं.

3. कालवणाला गव्हाची बिअर

इथे खरी मजा आहे. जर्मनीच्या बव्हेरियातल्या हेफेवाइझन या गव्हाच्या बिअरला लवंगेचा आणि केळ्याचा वास येतो. त्यात लवंगही नसते आणि केळंही नसतं, हा सगळा प्रताप यीस्टचा. बेल्जियमच्या विटबिअर या गव्हाच्याच बिअरमध्ये मात्र खरोखरच धणे आणि संत्र्याची साल घालतात. आता मालवणी मसाला आठवा: धणे भरपूर, लवंग थोडी. म्हणूनच या दोन्ही बिअर खोबऱ्याच्या कालवणाशी इतक्या सहज जुळतात. बांगड्याच्या कालवणात तिरफळं असतील तर विटबिअरच घ्या. तिरफळाचा लिंबासारखा वास आणि संत्र्याची साल एकमेकांना उचलून धरतात. कोळंबीच्या कालवणाला दोन्हींपैकी कोणतीही चालेल.

सोलकढी मात्र शेवटी प्या. तिचा आंबटपणा जिभेवर असताना बिअर बेचव लागते.

4. जहाल तिखट असेल तर आयपीए (इंडिया पेल एल, ही कडू बिअर) टाळा

मिरचीची आग करणारं कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, आणि बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असतं. त्यामुळे थंड घोटाने क्षणभर बरं वाटतं, मग आग पुन्हा वर येते. त्यात हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा, कडूपणा आणि अल्कोहोल दोन्ही तिखट वाढवतात. कडूपणा मोजायच्या आयबीयू मापावर गव्हाची बिअर साधारण 10 ते 20 वर असते, तर आयपीए 40 ते 70 वर. बालचाव, विंदालू किंवा झणझणीत कोंबडी-वड्यांबरोबर माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) गोडवा असलेली, कमी कडू बिअर हवी, म्हणजे अंबर किंवा डुंकेल. ती मिळाली नाही तर पुन्हा गव्हाचीच. आयपीए ज्यांना प्रिय आहे त्यांनी ती कांदाभज्यांबरोबर किंवा चीजबरोबर जरूर घ्यावी, तिथे ती फार छान लागते.

2009 मध्ये पुण्यात डूलाली ही जागच्या जागी ताजी बिअर बनवणारी ब्रुअरी सुरू झाली. आज पुण्या-मुंबईत ताज्या बिअरच्या बऱ्याच जागा आहेत. तिथे पूर्ण ग्लास मागवण्याआधी थोडी चव मागा, बहुतेक ठिकाणी देतात. (महाराष्ट्रात बिअरसाठी वय 21 पूर्ण हवं.)

5. शिंपल्यांना स्टाउट

कालवं आणि स्टाउट, म्हणजे काळपट बिअर, ही इंग्लंड-आयर्लंडकडची जुनी जोडी. भाजलेल्या जवाचा करपट कडूपणा कालवांच्या खारटपणाने मऊ होतो. आपल्याकडे कमी तिखटाचं तिसऱ्यांचं सुकं याच चालीवर जमतं. मसाला मात्र हात राखून घाला.

6. थंडावा आणि ग्लास

सगळ्याच बिअर बर्फासारख्या गार करू नका, फार गार बिअरला वासच उरत नाही. लागर 4 ते 7 अंशांवर, गव्हाची 6 ते 8, स्टाउट 10 ते 12. घरच्या फ्रिजमधली स्टाउट जेवणाआधी वीसेक मिनिटं बाहेर काढून ठेवा. ग्लासला तेलाचा हात लागलेला नसावा, तेलकट ग्लासात फेस टिकत नाही. हेफेवाइझन ओतताना बाटलीत शेवटचा थोडा भाग ठेवा, बाटली हलकेच फिरवा आणि तळाचा गाळही ग्लासात घ्या. चवीचा बराचसा भाग त्यातच असतो.

एकाहून अधिक बिअर असतील तर हलकीपासून गडदकडे जा आणि थोडी स्टाउट गोडासाठी राखा. बेबिंकाच्या खरपूस भाजलेल्या थरांबरोबर तिचा एक घोट घेऊन बघा, बरोबर आइस्क्रीमची गरज पडत नाही.