गाडीच्या जुन्या स्पोर्ट सीटची जोडी विकताना

आधी सीट उलट्या करा. जाणकार गिऱ्हाईक तेच करतं. कंपनीचं लेबल, बनल्याची तारीख, सीट ज्यावर पुढे-मागे सरकते त्या रेलचा गंज, सगळं बहुधा खालीच असतं. नुसत्या शिवलेल्या नावावर मी विश्वास ठेवत नाही, नकली माल भरपूर आहे. लेबल नसेल तर 'ओरिजिनल' लिहूच नका. सालही ठोकून देऊ नका. रेकारो या जर्मन सीट-कंपनीने आपली पहिली स्पोर्ट सीट १९६५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडली. रेकारोच्या सीटला त्याआधीचं साल वाचलं की माहीतगार पुढचं वाचतच नाही.

जाहिरातीत खरा वेळ द्यावा तो ब्रॅकेटला. अशी सीट गाडीला सहसा थेट बसत नाही, मधे त्या-त्या मॉडेलचा ब्रॅकेट लागतो. सीट कोणत्या गाडीतून निघाली, रेल आणि ब्रॅकेट सोबत देताय का, पाठ झुकवायचा नॉब कुठल्या बाजूला आहे, हे स्पष्ट लिहा. खालच्या भोकांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजून मिलिमीटरमध्ये द्या. 'माझ्या गाडीत बसेल का?' हे विचारणारे निम्मे तरी कमी होतात.

ड्रायव्हर सीटची दाराकडची कड सगळ्यात आधी झिजते, रोज त्यावरूनच उतरतात ना. तिथे दाबून बघा. फोमची भुकटी गळत असेल तर तसं सांगा आणि जवळून फोटो टाका. उसवलेली शिलाई त्याच रंगाच्या दोऱ्याने घाला, पण नवं रेक्झिन चढवू नका. मूळ कापड आता सहसा मिळत नाही, शौकीन पैसे मोजतो ते त्याचेच. चकाकी आणणारं पॉलिशही नको. काहीतरी लपवलंय असं वाटतं.

रेसिंगची बकेट सीट असेल तर एफआयएचं, म्हणजे मोटर स्पर्धांच्या जागतिक संघटनेचं, लेबल वाचा. ८८५५-१९९९ मानकाच्या सीटची मुदत बनल्यापासून पाच वर्षं. जुनी सीट 'स्पर्धेला चालेल' म्हणून खपवणं धोक्याचं.

भाव ठरवताना लोक मागतात ते आकडे सोडा, माल कितीला गेला ते बघा. 'एकच द्या' म्हणणारे भेटतील. ते नेमकी कमी झिजलेली, शेजारची सीट मागतात. उरलेली तुमच्या गळ्यात. मी जोडी फोडत नाही.

पाठवताना नट-बोल्ट पिशवीत घालून रेललाच बांधा. रेलच्या टोकांना जाड पुठ्ठा लावा आणि ग्रीस आधी पुसून घ्या, नाहीतर दुसऱ्या सीटच्या कापडाला डाग पडतो.