कॉफीवरून चहावर येताना या चुका टाळा

चिखलदऱ्याला कॉफी पिकते. तिथल्या थंड हवेत शाळेतल्या नोकरीची सहा वर्षं काढली आणि पहाटेची कडक, बिनसाखरेची कॉफी अंगवळणी पडली. मग बदली झाली दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात. इथे कुणाच्याही ओसरीवर टेका, पाच मिनिटांत चहा समोर येतो. पहिले दोन महिने मला तो गोडच लागला नाही, आणि घरी केलेला तर त्याहून नाही. हळूहळू एकेक चूक सापडत गेली. कॉफी सोडून चहाकडे वळणाऱ्या कुणाच्याही हातून त्या होतात, म्हणून लिहिते.

कडक चहा म्हणजे जास्त उकळलेला चहा, हा समज

सगळ्यात जास्त नासाडी हा समज करतो. कॉफी पिणाऱ्याच्या जिभेला कडूपणाची ओढ असते. तोच कडूपणा चहात शोधायला गेलं की पत्तीच्या डब्यात हात दुसऱ्यांदा जातो आणि गंज दहा मिनिटं गॅसवर राहतो. मिळतो मात्र तुरटपणा. जीभ कोरडी पडते, दातांवर थर बसल्यासारखं वाटतं.

आपण वापरतो ती दाणेदार चायपत्ती सीटीसी पद्धतीची असते. पानं रोलरमधून चिरडून, फाडून, वळवून तिचे दाणे करतात. दाणा बारीक, त्यामुळे रंग, चव आणि कॅफिन पहिल्या दोन-तीन मिनिटांतच बरंचसं उतरतं. पुढे उकळत ठेवलं की तुरटपणा आणणारं टॅनिन उतरत राहतं आणि वास वाफेबरोबर निघून जातो. शेजारच्या काकूंनी एकदा माझा गंज बघितला आणि म्हणाल्या, ‘मॅडम, एवढी नका जाळू पत्ती. तिचा जीव लहान असते जी.’ त्या वाक्यानं माझा चहा सुधारला.

दोन कपांना दीड कप पाणी, पाऊण कप दूध, दोन सपाट चमचे पत्ती. पाण्यात पत्ती टाकल्यावर दोन मिनिटं, दूध घातल्यावर एक-दोन उकळ्या, की लगेच गाळायचा. कडक हवा असेल तर पत्ती अर्धा चमचा वाढवा, वेळ वाढवू नका. तुरट झालाच तर थोडं दूध घालून पुन्हा एक उकळी आणा. दुधातलं केसिन नावाचं प्रथिन टॅनिनला धरून ठेवतं, तोंड कोरडं पडणं कमी होतं. नुसती साखर वाढवून हे साधत नाही. इथलं म्हशीचं दूध दाट असतं, ते पाण्याइतकं घातलं तर पत्तीची चव दबते, हेही ध्यानात ठेवा.

पाणी

पूर्णेच्या खोऱ्यातला अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतला मोठा पट्टा खारपाणाचा. आमच्या गावातही विहिरीचं, बोअरचं पाणी खारट. खारटपणानं कडूपणा दबतो, म्हणून कडक कॉफीत हे पाणी कदाचित खपून गेलं असतं. चहात ते लगेच कळतं. मी पत्तीचे चार ब्रँड बदलले, शेवटी दोष पाण्यात निघाला. आता नळाचं पाणी चहासाठी वेगळ्या माठात भरून ठेवते. उकळून खारेपणा जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतो. पाणी खारं नसून नुसतं जड असेल, म्हणजे कोऱ्या चहावर तपकिरी तवंग धरत असेल, तर आधी उकळून थंड करा आणि खालचा गाळ न हलवता वरचं पाणी घ्या. तवंग बराच कमी होतो.

आल्यानं दूध फाटणं

कच्चं आलं थेट दुधात किसलं की त्यातलं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं आणि दूध फाटतं. आलं ठेचून पाण्यातच टाका, चांगली उकळी येऊ द्या, दूध मागाहून. सोबत गवती चहाची दोन पाती. कॉफीची अर्धी ओढ वासाची असते. तिच्या जागी दुसरा वास मिळाला नाही तर मन रमत नाही, आणि माझं मन गवती चहानं रमवलं.

एका दिवसात कॉफी बंद करणं

डोकं ठणकतं, चिडचिड होते, आणि आपण म्हणतो चहा मानवत नाही. कारण कॅफिन अचानक तुटलेलं असतं. शेवटच्या कपानंतर 12 ते 24 तासांत हे सुरू होतं आणि आठवडाभरही टिकू शकतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2024 च्या आहार मार्गदर्शिकेनुसार 150 मिलीच्या कपात ताज्या उकळलेल्या कॉफीतून 80 ते 120 मिलिग्रॅम, तर चहातून 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफिन मिळतं. फरक मोठा आहे. आधी दुपारची कॉफी बदला, आठ-दहा दिवसांनी सकाळची.

त्याच मार्गदर्शिकेत जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे, कारण टॅनिनमुळे अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया भाकरीसोबतच चहा घेऊन वावरात जातात. त्यातल्या कित्येकींच्या अंगात आधीच रक्त कमी असतं, म्हणून हे मी पालकसभेत दर वेळी सांगते.

‘मी चहा घेत नाही’ म्हणणं

सुरुवातीला मुलांच्या घरी गेले की असंच म्हणायचे. आया गप्प व्हायच्या, बोलणं तिथंच थांबायचं. आता सरळ सांगते, ‘अर्धा कप द्या, साखर कमी घाला.’ साखर कमी असली की पत्तीची चव कळायला लागते, आणि बशीत ओतून प्यायला की जीभ भाजत नाही. कापसाच्या भावापासून पोरीच्या अकरावीपर्यंत सगळं त्या अर्ध्या कपात बोलून होतं.

रविवारी सकाळी मी अजून कॉफीच करते. चिखलदऱ्याहून ओळखीच्या एक बाई पुडी पाठवतात. पूर्वी ती आठ दिवसांत संपायची, आता दोन महिने पुरते.