पल्मनरी व्हेन शिकताना हायलमवर थांबू नका

कोल्हापुरात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आलेल्या विद्यार्थ्यांना चार पल्मनरी व्हेन (फुप्फुसांतून येणाऱ्या शिरा) शुद्ध रक्त लेफ्ट एट्रियममध्ये (हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात) आणतात, हे सांगण्याची गरज नाही. फॉर्मॅलिनमधल्या फुप्फुसात मात्र आकृतीतले लाल-निळे रंग नसतात, सगळेच तपकिरी. ब्राँकस (श्वासनलिकेची शाखा) त्याच्या कूर्चेमुळे बोटाला कडक लागतो, व्हेन पातळ भिंतीची असून पुढे आणि खाली सापडते. एवढे दोन दिवसांत जमते, त्याची धास्ती घेऊ नका.

खरी फसगत फुप्फुसाच्या आत होते आणि मीही तिथेच बराच काळ अडकलो होतो. हायलमपाशी, म्हणजे या नळ्या फुप्फुसात शिरतात त्या जागी, आर्टरी (धमनी), व्हेन आणि ब्राँकस एकत्र दिसतात, म्हणून त्या आतही जोडीनेच जात असतील असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात आर्टरी आणि ब्राँकस सेगमेंटच्या (फुप्फुसाच्या लहान स्वतंत्र भागाच्या) मधोमध शिरतात, तर व्हेनच्या मुख्य उपशाखा दोन सेगमेंटच्या सीमेवरून जातात आणि उसाच्या दोन शेतांमधल्या चराप्रमाणे दोन्हीकडचे रक्त घेतात. पुन्हा सांगतो, कारण हे वाचून पटते आणि तोंडी परीक्षेत विसरते: एका सेगमेंटची स्वतःची अशी एकच व्हेन नसते. सेगमेंट काढणारा सर्जन याच व्हेनवरून सीमा ओळखतो; भलतीच व्हेन बांधली, तर राखलेल्या भागात रक्त तुंबते.

सीनियरांच्या झेरॉक्स नोट्समध्ये ‘उजव्या दोन, डाव्या दोन’ एवढेच असते आणि माझ्या मते अशा नोट्स मदतीपेक्षा घातच अधिक करतात. उजवीकडे मधल्या लोबची (खंडाची) व्हेन बहुधा वरच्या व्हेनला मिळते, पण कधी थेट एट्रियममध्ये उघडते. डावीकडच्या दोन्ही कधी एकत्र होऊन शिरतात. विचारले की हसून सोडून देणाऱ्या सीनियरपेक्षा, फुप्फुस हातात देऊन ‘शोध’ म्हणणारे शिक्षक गाठा.

हे फरक पुढे कामाला येतात. एट्रियमचे स्नायू व्हेनच्या तोंडात काही अंतर शिरलेले असतात आणि एट्रियल फिब्रिलेशन (एट्रियमची अनियमित थरथर) पेटवणारे ठोके बहुतेकदा तिथूनच सुटतात, हे बोर्दो येथील डॉक्टरांनी 1998 मध्ये दाखवले. त्यामुळे अ‍ॅब्लेशनपूर्वी (असे ठोके सोडणारी जागा निकामी करण्याच्या उपचारापूर्वी) अनेकदा सीटी काढून व्हेनची रचना पाहतात. अ‍ॅब्लेशन व्हेनच्या फार आत केले तर ती आकसू शकते, म्हणून ते तोंडाबाहेर करतात. उजव्या वरच्या व्हेनजवळ फ्रेनिक नर्व्ह (श्वासपटलाची नस) आणि एट्रियमच्या मागे अन्ननलिका असल्याने तिथेही जपावे लागते.

मायट्रल स्टेनोसिसचा (लेफ्ट एट्रियमखालची झडप अरुंद झालेला) रुग्ण वॉर्डात पाहाल, तेव्हा या व्हेनना झडपा नाहीत हे आठवा. एट्रियममधला वाढलेला दाब थेट फुप्फुसांत पोहोचतो. दम लागणे आणि एक्स-रेवरच्या कर्ली बी रेषा (फुप्फुसांत पाणी साचल्याच्या बारीक आडव्या रेषा) त्यातूनच येतात. टीएपीव्हीसी (या व्हेनची जन्मजात विकृती) मात्र पहिल्या वर्षी पाठ करत बसू नका. त्यात चारही व्हेन उजव्या बाजूला जातात आणि एट्रियममधल्या छिद्रावाचून बाळ जगत नाही, एवढे समजले तरी तूर्त पुरे. तिचे प्रकार एम्ब्रियॉलॉजीनंतर (गर्भाच्या वाढीच्या अभ्यासानंतर) सोपे जातात.