हार्डडिस्क उघडत नाहीये? आधी डेटा काढा, दुरुस्तीचं नंतर बघू

डिस्क लावली आणि विंडोजनं विचारलं की वापरायच्या आधी फॉरमॅट करावी लागेल, करू का, तर कॅन्सल दाबायचं. इनिशियलाइज करू का विचारलं तरी कॅन्सल. स्कॅन करून दुरुस्त करू का म्हणाला तरी आत्ता नको. डिस्क बिघडल्यावर पुढच्या अर्ध्या तासात घाईघाईत जे केलं जातं त्यानंच जास्त नुकसान होतं, हे मला कायम दिसत आलंय. डिस्क काय, बाजारात नवी मिळते. पण सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेलच्या कारखान्यातली जेकार्डची, म्हणजे मागावर विणायची, डिझाइनं, फोटोवाल्याकडचं अख्ख्या लग्नसराईचं शूटिंग, अकाउंटंटकडचा पाच-सहा वर्षांचा टॅलीचा डेटा, हे कुठल्या दुकानातून आणणार? म्हणून मी सगळ्यांना एकच क्रम सांगतो, आधी कॉपी काढा, मग जे काय प्रयोग करायचे ते त्या कॉपीवर करा.

पहिलं काम कानानं करायचं. डिस्क लावली की कानाजवळ धरून ऐका. मोटार फिरल्याचा हलका सलग आवाज आला तर बरं आहे. टक टक टक असं ठरावीक अंतरानं वाजायलंय, किंवा घासल्यासारखा आवाज येतोय, किंवा फिरायचा प्रयत्न करून बंद पडतीय, तर तिथंच काढून ठेवा आणि परत लावू नका, एकदा बघू म्हणून सुद्धा नाही. आत डेटा वाचणारं हेड आणि डेटा साठवणारी फिरती तबकडी, म्हणजे प्लॅटर, यांच्यातलं अंतर काही नॅनोमीटरचं असतं, माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड. हेड खराब झालं असेल तर प्रत्येक वेळी चालू केल्यावर प्लॅटरवर ओरखडा पडायची शक्यता असते आणि ज्या जागी ओरखडा पडला तिथला डेटा जगात कुणालाच काढता येत नाही. फ्रीजमध्ये ठेवायचा जुना उपाय तर अजिबात नको, बाहेर काढल्यावर आत पाणी धरतं. स्क्रू काढून आत बघायचंही नाही, आपल्याकडं घरात मागाच्या सुताची धूळ नसली तरी रस्त्याची असतेच.

आवाज ठीक असेल तर आता केबल. हे साधं वाटतं म्हणून लोक सोडून देतात, पण छोट्या एक्स्टर्नल डिस्कची ती चपटी रुंद यूएसबी केबल फार लवकर सैल होते. दुसरी केबल लावा, दुसरं पोर्ट बघा, डेस्कटॉप असेल तर पुढचं पोर्ट सोडून मागं मदरबोर्डवरच्या पोर्टात लावा, हब मधून काढा. छोट्या अडीच इंची डिस्कला सगळी वीज यूएसबीतूनच मिळते, यूएसबी २ च्या पोर्टला ५०० मिलीअँपिअर आणि यूएसबी ३ ला ९०० चं माप आहे, त्यामुळं जुन्या पोर्टवर कधी कधी ती फिरायलाच लागत नाही. मोठ्या साडेतीन इंचीला १२ व्होल्टचा वेगळा अॅडाप्टर असतो, तो कमजोर झाला तरी डिस्क दिसते-जाते-दिसते असं चालतं. अॅडाप्टर बदलताना व्होल्ट आणि पिनची पोलॅरिटी जुळली पाहिजे, सेटटॉप बॉक्सचा बसतोय म्हणून लावला असं करू नका, जास्त व्होल्टचा लागला तर सर्किट जळतं.

तरी उघडत नसेल तर स्टार्ट बटनावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. इथं फक्त बघायचंय. डिस्क व्यवस्थित आहे, फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली मांडून ठेवायची पद्धत, एनटीएफएस दाखवतीय पण पुढं अक्षरच नाही, तर राइट क्लिक करून ड्राइव्ह लेटर द्या, काम झालं, यात धोका नाही. ऑफलाइन लिहिलं असेल तर ऑनलाइन करा. अनअलोकेटेड म्हणजे पार्टिशनची (डिस्कच्या आखून ठेवलेल्या भागाची) नोंद गेली, आतला डेटा बहुतेक जागेवरच असतो, फक्त तिथं नवीन पार्टिशन बनवू नका. रॉ लिहून येत असेल तर विंडोजला फाइल सिस्टिम वाचता येईना, एवढाच त्याचा अर्थ, डेटा गेला असा अर्थ नाही. आणि साइजच चुकीची दाखवतीय किंवा शून्य, तर डिस्कच्या सर्किटचा किंवा फर्मवेअरचा (डिस्कच्या आतल्या तिच्या स्वतःच्या प्रोग्रामचा) घोळ असायची शक्यता जास्त, तिथं कुठलंही सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही, सरळ डेटा काढून देणाऱ्या लॅबचा विचार करा.

रॉ दिसतंय म्हणून घाबरायच्या आधी एक विचारा, ही डिस्क मॅकवर वापरली होती का? अल्बम डिझाइनवाला किंवा व्हिडिओ एडिटर मॅकवर काम करत असेल आणि त्यानं डिस्क तिकडं फॉरमॅट केली असेल तर विंडोज तुम्हाला फॉरमॅट करायलाच सांगणार. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सुरुवातीला २०० एमबीचं एक छोटं ईएफआय पार्टिशन दिसलं तर बऱ्याचदा हाच प्रकार असतो. त्या मॅकला लावून बघा, सगळं जसंच्या तसं निघतं.

तसंच बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप लावायचं एन्क्रिप्शन. नव्या विंडोज ११ लॅपटॉपमध्ये एन्क्रिप्शन बऱ्याचदा आपोआप चालू असतं, मालकाला पत्ता नसतो, आणि मदरबोर्ड बदलला किंवा डिस्क काढून दुसरीकडं लावली की ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडायचा नंबर, मागतो. ती की बहुतेक वेळा ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला त्यात सेव्ह असते, दुकानदारानं सेटअप करून दिला असेल तर कुठला ईमेल टाकला होता ते त्याला विचारा. की मिळाली नाही तर डेटा निघत नाही, कुणी पैसे घेऊन काढून देतो म्हणाला तरी विश्वास ठेवू नका.

आता महत्त्वाचं, डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते लॅपटॉपवर टाका, खराब डिस्कवर नाही. त्यात रिअलोकेटेड सेक्टर, करंट पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल सेक्टर या तीन ओळी बघायच्या, सेक्टर म्हणजे डिस्कवर डेटा ठेवायचा छोटा कप्पा. तिन्ही शून्य असतील तर डिस्क बहुतेक शरीरानं बरी आहे, बिघाड फाइल सिस्टिमचा असायची शक्यता जास्त. पेंडिंगचा, म्हणजे वाचता न येणाऱ्या सेक्टरचा, आकडा असेल आणि तासाभरात वाढत असेल तर डिस्क मरायला लागलीय, आता फोल्डर उघडून बघत बसायचं नाही. सीआरसी एररचा, म्हणजे केबलमधून जाताना डेटा बिघडल्याचा, आकडा मोठा असेल तर पहिला संशय केबलवर घ्या.

विंडोज स्कॅन करून दुरुस्त करू का विचारतं ते चेकडिस्क, ते चालवू नका असं मी का म्हणतोय तेही सांगतो. एनटीएफएसमध्ये कुठली फाइल कुठं आहे याची एक मोठी यादी असते, पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखी. चेकडिस्कचं काम ती यादी नीटनेटकी करायचं आहे, तुमची फाइल वाचवायचं नाही. जी नोंद त्याला जुळत नाही ती तो कापून टाकतो, सुटलेले तुकडे फाउंड नावाच्या फोल्डरमध्ये बिननावानं टाकतो, आणि हे सगळं मूळ डिस्कवरच लिहितो, मागं फिरायला वाट राहत नाही. डेटाची कॉपी हातात असल्यावर खुशाल चालवा.

तर कॉपी कशी काढायची. फाइल कॉपी-पेस्ट नाही, अख्ख्या डिस्कची इमेज, पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत. त्यासाठी मूळ डिस्कपेक्षा मोठी एक डिस्क लागते, ती आणाच, मित्राची मागून आणा पण लागणारच, फक्त तिच्यावर त्याचं काही असेल तर आधी दुसरीकडं हलवा. डिस्क शरीरानं बरी असेल तर विंडोजमध्येच डीएमडीई सारख्या सॉफ्टवेअरनं इमेज निघते. सेक्टर खराब असतील तर मात्र लिनक्स बरं, कारण विंडोज खराब जागेवर अडकून परत परत वाचत बसतं आणि डिस्क आणखी थकते. सिस्टिमरेस्क्यू नावाचं लिनक्स पेनड्राइव्हवर टाकून त्यावर कॉम्प्युटर चालू करा, त्यात डीडीरेस्क्यू असतं. त्याची पद्धत फार चांगली आहे, सोप्या जागा आधी भराभर वाचून घेतं, अडलेल्या जागा सोडून पुढं जातं आणि कुठं काय राहिलं ते एका मॅपफाइलमध्ये लिहून ठेवतं. मॅपफाइलचं नाव द्यायला विसरू नका, लाइट गेली किंवा डिस्क मधेच अडकली तर तिच्यामुळं परत जिथं थांबलं तिथून सुरू करता येतं. पहिल्या फेरीत खरवडायचा (खराब जागा एकेक सेक्टर करून वाचायचा) टप्पा टाळायचा ऑप्शन द्या, जे सहज निघतंय ते निघू द्या, मग दुसऱ्या फेरीत राहिलेल्या जागांवर दोन-तीन वेळा प्रयत्न.

इथं एक जागा अशी आहे की हात थांबवून दोनदा बघायचं. कमांडमध्ये आधी मूळ डिस्क येते, नंतर जिथं लिहायचं ती. उलटं झालं तर रिकामी डिस्क तुमच्या डेटावर लिहिली जाते आणि खेळ संपला. दोन्ही डिस्कची साइज आणि मॉडेल नंबर कागदावर लिहून घ्या, स्क्रीनवर जुळवा, मगच एंटर. आणि इमेजची फाइल ज्या डिस्कवर ठेवणार ती एफएटी३२ नको, तिथं ४ जीबीच्या पुढं फाइल जात नाही.

वेळ लागतो हे धरून चाला. १ टीबीची डिस्क सेकंदाला १०० एमबीनं वाचली तरी पावणेतीन तास, खराब असेल तर दिवस-दिवस चालतं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो, पत्र्याखालच्या ऑफिसात तर बघायलाच नको, तेव्हा दुपारी काढू नका, रात्री लावा, डिस्क लोखंडी रॅकवर किंवा फरशीवर उघडी ठेवा, टेबल फॅनचा वारा तिच्यावर सोडा आणि तापमान ५० च्या खाली राहील असं बघा. गादीवर, चादरीवर ठेवायची नाही. कॉम्प्युटर यूपीएसवर पाहिजे.

इमेज निघाली की निम्मी लढाई जिंकली, आता मूळ डिस्क काढून बाजूला ठेवा. इमेजवर टेस्टडिस्क चालवा, ते फुकट आहे, हरवलेलं पार्टिशन शोधतं आणि आतल्या फाइलींची यादी दाखवतं, यादीतून फाइली दुसऱ्या डिस्कवर कॉपी करता येतात, राइट (डिस्कवर लिहायचा ऑप्शन) दाबायची गरजच नाही. त्यानं नाही जमलं तर डीएमडीई किंवा आर-स्टुडिओ. फोटोरेक सगळ्यात शेवटी, कारण ते फाइल ओळखून उचलतं पण नाव आणि फोल्डर परत देत नाही. जेकार्डवाल्याला हे फार जड जातं, त्याची हजारो बीएमपी डिझाइनं पार्टीच्या आणि ऑर्डरच्या नंबरनं ठेवलेली असतात, सगळी परत आली तरी कुठलं कुणाचं ते एकेक उघडून बघावं लागतं. मोठे व्हिडिओही तुकड्यांत पसरलेले असतील तर फोटोरेकनं काढलेले चालतीलच असं नाही.

एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवाली डिस्क) असेल तर गणित वेगळं. चुकून डिलीट किंवा फॉरमॅट झालं तर ट्रिममुळं, म्हणजे रिकाम्या झालेल्या जागा आपोआप साफ करायच्या सोयीमुळं, आतला डेटा थोड्याच वेळात पुसला जाऊ शकतो, म्हणून लगेच बंद करून टाका, दुसऱ्या दिवशीवर ढकलू नका.

लॅबला पाठवायची वेळ आली तर डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत, चारी बाजूंनी फोम लावून डब्यात. शक्य असेल तर कुणीतरी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला हातातून घेऊन जा, पार्सलच्या ढिगात टाकू नका. देताना विचारा की तपासणीचे किती, डेटा नाही निघाला तर किती, क्लीनरूम, म्हणजे डिस्क उघडायची बिनधुळीची खोली, त्यांची स्वतःची आहे का पुढं दुसऱ्याकडं पाठवतात. तसली दुसरी डिस्क आणून सर्किट बदलून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा, आताच्या डिस्कमध्ये प्रत्येकीची स्वतःची माहिती त्या सर्किटवरच्या चिपमध्ये असते, ती न हलवता नुसतं सर्किट बदलून बहुतेक वेळा काही होत नाही.

डेटा परत आला की फाइली मोजून समाधान मानू नका, उघडून बघा. टॅलीची कंपनी लोड करा आणि शेवटचं व्हाउचर कुठल्या तारखेचं आहे ते बघा, फोटो मोठे करून खालपर्यंत बघा कारण अर्धा फोटो राखाडी निघतो, व्हिडिओ मधून मधून पळवून बघा, डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये चार-पाच डिझाइनं उघडून रंग बरोबर आहेत का बघा. हे सगळं होईपर्यंत जुनी डिस्क वॉरंटीत बदलून घ्यायला देऊ नका, ती परत मिळत नसते.